‘स्पेसवॉर’ व त्याचा वंशविस्तार

या लेखाचा मथळा पाहून आमचे नेहमींचे वाचक कांहींसे दचकतील, हें आम्ही जाणून आहों. आजवर आम्हीं या पानांतून कादंबऱ्यांचीं व नाटकांचीं परीक्षणें केलीं, क्वचित् इंग्रजी महाकाव्यांविषयींहि चार शब्द लिहिले. परंतु संगणकावरील खेळाचें परीक्षण करण्याचा प्रसंग आपणांवर येईल, असें आम्हांसहि कधीं वाटलें नव्हतें. ठाण्यास २०१० सालीं आणि डोंबिवलीस २०१७ सालीं साहित्यसंमेलन भरलें, त्या दोन्ही वेळीं पुस्तकांच्या गाळ्यांतून आम्ही पाय दुखेपर्यंत हिंडलों. खेळाकडे कृति म्हणून पाहणारें एकहि मराठी पुस्तक आमच्या हातीं लागलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तें लागावें अशी इच्छाहि आम्हांस तेव्हां नव्हती. तथापि जी कृति साठांहून अधिक वर्षें जगली, जिच्या पोटीं असंख्य कृति जन्मास आल्या, आणि जिचीं पतवंडें आज कल्याणहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यांत जिकडे तिकडे लोकांच्या तळहातांवर चमकतांना दिसतात, ती टीकेस पात्र नाहीं असें ठरविण्यापूर्वीं तिच्याकडे एकदां नीट पाहिलें पाहिजे, एवढें तरी कोणीहि मान्य करील.

आम्हीं तें पाहिलें तें मात्र स्वेच्छेनें नव्हे. आमचे चिरंजीव अभियांत्रिकीची पदवी घेऊन ऐरोलीस एका कंपनींत चांगल्या पगारावर होते. गेल्या वर्षीं त्यांनीं ती नोकरी सोडली आणि मोबाइलवरचे खेळ तयार करणाऱ्या एका लहानशा मंडळींत ते जाऊन मिळाले. आमच्या घरीं या गोष्टीवरून जें भांडण झालें, त्याचा तपशील वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. डोंबिवलींतील बहुतेक घरांस तो पाठ असेल. एके रात्रीं चिरंजीव आम्हांस म्हणाले, “बाबा, तुम्ही वर्गांत मिल्टनचा सहावा सर्ग शिकवितां. त्यांत आकाशांतलें युद्धच आहे ना? मग तुमचें युद्ध गंभीर आणि आमचें तेवढें पोरकट, हें कसें?” आम्हीं तात्काळ उत्तर दिलें कीं, पैसे भरल्यावांचून पुढचा सर्ग उघडणार नाहीं, अशी अट मिल्टननें कोठें घातलेली नाहीं. उत्तर आम्हांस त्या वेळीं फार समर्पक वाटलें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. परंतु पुढच्या रविवारीं त्यांनीं आपला संगणक आमच्या पुढ्यांत आणून ठेविला व म्हणाले, “हा खेळ कोणीं कधीं विकला नाहीं. आधीं हा पाहा, मग बोला.” तो खेळ ‘स्पेसवॉर’.

प्रथम त्याची जन्मकथा. सप्टेंबर १९६१ मध्यें डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विख्यात तंत्रविद्यापीठास पी. डी. पी.–१ नांवाचा संगणक दिला. त्याची किंमत सुमारें एक लक्ष वीस हजार डॉलर; आणि स्मृति मात्र अवघ्या ४,०९६ शब्दांची, म्हणजे आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रासहि ती पुरणार नाहीं. पण त्या यंत्राच्या जोडीस एक वाटोळा पडदा होता, आणि त्यावर हव्या त्या जागीं प्रकाशाचा बिंदु उमटवितां येत असे. या पडद्यावर काय केलें असतां यंत्राची खरी ताकद दिसेल, याची चर्चा स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन या तीन तरुणांत सुरू झाली. तिघेहि ‘डॉक’ स्मिथ या लेखकाच्या अवकाशकादंबऱ्यांचे भक्त. त्या कादंबऱ्या वाङ्मय म्हणून दुय्यम प्रतीच्या आहेत. पण दुय्यम वाङ्मयाच्या पोटीं कधीं कधीं अव्वल संतति जन्मते, याचें हें एक उदाहरण. रसेल हा मूळचा आळशी. कोनांचीं ज्या–कोज्या काढणारी आज्ञावली आपणांपाशीं नाहीं, या सबबीवर तो काम लांबणीवर टाकूं लागला, तेव्हां अ‍ॅलन कोटॉक यानें ती कंपनीकडून आणून त्याच्यापुढें ठेविली. सबब संपली आणि १९६२ च्या आरंभीं खेळ उभा राहिला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत विद्यापीठ पाहावयास आलेल्या लोकांपुढें तो मांडण्यांत आला.

या मंडळींपैकीं बरेच जण विद्यापीठांतील खेळण्यांच्या रेल्वेच्या क्लबाचे सभासद होते. सांधे बदलणें, सिग्नल जोडणें, यांत त्यांच्या रात्री जात. ज्या ठाण्यापर्यंत १८५३ सालीं या देशांतील पहिली प्रवासी आगगाडी धांवली, आणि ज्या कल्याणास आल्यावर रुळांचे फांटे कसाऱ्याकडे व कर्जतकडे फुटतात, तेथील मनुष्यास या छंदाचें नवल वाटूं नये. आणखी एक खुलासा. ‘स्पेसवॉर’ हा जगांतला पहिला संगणकी खेळ, असें पुष्कळदां लिहिलें जातें, तें बरोबर नाहीं. फुल्लीगोळ्याचा खेळ केंब्रिज येथील संगणकावर १९५२ सालींच झाला होता, आणि १९५८ सालीं ब्रूकहेव्हनच्या प्रयोगशाळेंत टेनिसचा. पण ते खेळ निपुत्रिक राहिले. वंश चालला तो याचा.

आतां कृतीकडे वळूं. काळ्या आकाशांत दोन यानें आहेत. एक सुईसारखें निमुळतें, दुसरें पाचरीसारखें. प्रत्येकाचा चालक एक मनुष्य, आणि दोघे शेजारीं शेजारीं बसलेले. डावीकडे वळणें, उजवीकडे वळणें, जोर लावणें व गोळा सोडणें, इतक्याच क्रिया. इंधन मोजकें, गोळेहि मोजकेच. पडद्याच्या एका कडेनें बाहेर पडलेलें यान समोरच्या कडेनें परत आंत येतें, म्हणून पळून जाण्यास जागा नाहीं. इतकें वाचून वाचक म्हणतील, यांत विशेष तें काय? विशेष हें कीं, या आकाशास न्यूटनचे नियम लागू आहेत. एकदां गति घेतलेलें यान आपोआप थांबत नाहीं. थांबावयाचें असेल तर तोंड उलट फिरवून तितकाच जोर परत लावावा लागतो. पायांखालीं जमीन असलेल्या प्राण्यास ही गोष्ट ऐकून समजते, पण अंगीं बाणत नाहीं. आम्हीं अकरावींत गतीचे नियम घोकले, परीक्षेंत लिहिले, गुणहि मिळविले. त्यांचा अर्थ आमच्या बोटांस कळला तो वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, जेव्हां आमचें यान आमच्या डोळ्यांदेखत, आम्ही नको नको म्हणत असतां, संथपणें मरणाकडे सरकत गेलें.

आणि तें मरण पडद्याच्या मध्यभागीं आहे. रसेलच्या मूळ खेळांत तें नव्हतें. डॅन एडवर्ड्स या त्याच्या सोबत्यास मूळ खेळ सपक वाटला, म्हणून त्यानें पडद्याच्या मधोमध एक तारा बसविला व त्यास गुरुत्वाकर्षण दिलें. दोन्ही यानें सदैव त्याकडे ओढलीं जातात. जो स्वस्थ बसेल तो ताऱ्यांत पडेल. जो शहाणा असेल तो ताऱ्याच्या जवळून वळसा घेऊन त्याच्याच ओढीनें वेग मिळवील आणि अनपेक्षित दिशेनें प्रतिपक्ष्यावर येईल. आमच्या मतें कृतीचा सारा जीव या एका कल्पनेंत आहे. बुद्धिबळाचा पट तटस्थ असतो. चौसष्ट घरें कोणाच्याहि बाजूचीं नसतात आणि स्वतः होऊन कांहीं करीत नाहींत. येथें पट हाच तिसरा खेळाडू आहे. तो दोघांचाहि शत्रु, आणि जो त्याचा स्वभाव ओळखील त्याचा मित्र. भेकडास कोपरा नाहीं आणि आडदांडासहि आडदांडपणाचा लाभ नाहीं. नाट्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर संघर्ष केवळ दोन पात्रांत न राहतां पात्रें व विश्व यांच्यामध्येंहि उभा राहतो. आणि असें जेथें घडतें तेथें लढाईस कथेची योग्यता येते.

ग्रेट्झनें घातलेली ‘हायपरस्पेस’ची सोय आम्हांस तितकीशी पसंत नाहीं. अगदींच संकट ओढवलें म्हणजे खेळाडूनें यान अदृश्य करावें, मग तें आकाशांत कोठेंतरी, नेम नाहीं अशा जागीं, पुन्हां प्रकट होतें. नाटककारानें शेवटच्या अंकांत देव उतरवावा, तसाच हा प्रकार आहे. मात्र ग्रेट्झ हा त्या नाटककारांहून प्रामाणिक. कारण ही सोय वापरावी तितका परत येतांना यानाचा स्फोट होण्याचा संभव वाढत जातो. दुसरा दोष अधिक गंभीर. यानांस ताऱ्याची ओढ आहे, पण त्यांनीं सोडलेल्या गोळ्यांस नाहीं. ते सरळ रेषेंत जातात. याचें कारण निव्वळ यांत्रिक आहे. इतक्या वस्तूंचें गणित प्रत्येक क्षणीं करण्याइतकी उसंत त्या यंत्रास नव्हती. कर्त्यांनीं हे गोळे प्रकाशाचे आहेत, अशी मखलाशी करून वेळ मारून नेली. वृत्तांत मात्रा बसेना म्हणून कवीनें ऱ्हस्वाचें दीर्घ करावें व त्यास आर्ष प्रयोग म्हणावें, त्यांतलाच हा मासला.

परंतु ज्या भागापुढें आम्ही खरोखर थबकलों, तो भाग लढाईचा नव्हे. रसेलनें पार्श्वभूमीवर वाटेल तसे ठिपके टाकून आकाश रंगविलें होतें. पीटर सॅम्सन यास तें सहन झालें नाहीं. त्यानें विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साडेबावीस अंशांपर्यंतचा खऱ्या आकाशाचा पट्टा, साध्या डोळ्यांस दिसणाऱ्या ताऱ्यांसह व त्यांच्या कमीअधिक तेजासह, यंत्रांत उतरविला. तो पट्टा खेळ चालू असतां हळूहळू सरकत राहतो. खेळाच्या दृष्टीनें त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. चिरंजीवांनीं आम्हांस मूळ आज्ञावलीची यादी काढून दाखविली, तींत ताऱ्यांचे आंकडे व शेजारीं त्यांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. आम्ही एकेक नांव मराठींत वाचीत गेलों. पहिल्या प्रतीचे तारे नऊ: रोहिणी, राजन्य, काक्षी, व्याध, प्रश्वा, मघा, चित्रा, स्वाती आणि श्रवण. ध्रुव नाहीं, सप्तर्षि नाहींत, अगस्त्य नाहीं; ते त्या पट्ट्याबाहेर पडतात. म्हणजे ज्या केंब्रिज गांवीं हा खेळ झाला, त्या गांवच्या माथ्यावरचे तारे त्यांत नाहींतच. आहेत ते आमचे. ठाण्याचें व डोंबिवलीचें अक्षांश सुमारें १९.२, आणि स्वातीची क्रांति १९ अंशांच्या किंचित् वर. वैशाखांतील रात्रीं ती आमच्या गच्चीच्या जवळजवळ थेट डोक्यावरून जाते. ठाण्याचे श्री. दा. कृ. सोमण यांच्यासारख्यांनीं आकाश पाहण्याचें वेड इकडील लोकांत रुजविलें, म्हणून तिची ओळख आम्हांस होती. पण वर दिव्यांचा उजेड इतका वाढला आहे कीं, तिला आम्हीं कित्येक वर्षांत पाहिलेलें नव्हतें. ती पुन्हां भेटली ती एका परक्या खेळाच्या यादींत.

एकानें यानें केलीं, दुसऱ्यानें तारा, तिसऱ्यानें आकाश, चौथ्यानें पलायनाची सोय. यंत्राच्या कळांशीं झगडून कोंपरें दुखूं लागलीं, तेव्हां कोटॉक व बॉब सॉन्डर्स यांनीं हातांत धरावयाच्या लाकडी पेट्या बनविल्या. कोणीं कोणापाशीं हक्क मागितला नाहीं. आज्ञावली कागदी फितीवर भोकें पाडून ठेवलेली असे. ज्यास हवी त्यानें न्यावी, सुधारावी, पुढें द्यावी. पुढें कंपनीच आपल्या नव्या यंत्रांची परीक्षा या खेळावर घेऊं लागली. यंत्र जागेवर बसवून झाल्यावर ‘स्पेसवॉर’ नीट चालला, म्हणजे यंत्र नीट आहे. आमच्या जुन्या वाङ्मयांत एका ओवीच्या पोथींत पुढच्या लेखकांनीं आपल्या ओव्या मिसळल्या, म्हणून आम्ही संशोधक मंडळी प्रक्षिप्त प्रक्षिप्त म्हणून ओरडतों. येथें कृतीचें सर्वोत्तम अंग तेंच प्रक्षिप्त आहे.

मग यास मोल लागलें तें केव्हां? १९७१ सालीं, आणि तेंहि एकाच वर्षीं दोन ठिकाणीं. स्टॅनफर्ड येथें बिल पिट्स व ह्यू टक यांनीं हाच खेळ एका पेटींत घातला, त्यास नाण्याची फट केली आणि डावास दहा सेंट घेऊं लागले. त्यांनीं तारा ठेविला, गति ठेविली, दोन माणसें ठेविलीं. नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांनीं याच कल्पनेवरून ‘कॉम्प्युटर स्पेस’ काढला. पण त्यांचें यंत्र स्वस्त, म्हणून तारा गेला. दुसरा मनुष्यहि गेला, त्याच्या जागीं यंत्रानें चालविलेल्या दोन तबकड्या आल्या, आणि डावास घड्याळ लागलें. पुढच्या सर्व इतिहासाचा फांटा येथें फुटला, असें आमचें मत आहे. दोन माणसें समोरासमोर असलीं म्हणजे डाव रंगेल तितका रंगूं द्यावा, हें स्वाभाविक. पण पेटीच्या मालकास डाव लवकर संपला पाहिजे, तरच दुसरें नाणें पडेल. तेव्हां शत्रु यंत्राचा हवा, आणि अखेर तोच जिंकला पाहिजे.

१९७८ सालीं जपानांतील तोमोहिरो निशिकादो यानें केलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हें या पंथाचें पूर्ण स्वरूप होय. रांगांनीं खालीं उतरणारे शत्रु कितीहि मारा, नवी रांग येतेच. जसजसे ते कमी होतात तसतसे ते वेगानें येतात. हा वेग मुळांत हेतुपूर्वक आणलेला नव्हता. पडद्यावर काढावयाच्या आकृति कमी झाल्या कीं यंत्राचें काम हलकें होई व उरलेल्या आपोआप जलद सरकत. निशिकादोनें तें ओळखलें आणि राहूं दिलें. यांत त्याची कलादृष्टि दिसते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या खेळांत विजय नांवाची वस्तु नाहीं. फक्त पराभव किती लांबविला, याचे आंकडे आहेत. ‘स्पेसवॉर’च्या पडद्यावर गुणांचा आंकडा नव्हता, तेथें आंकड्यांवांचून दुसरें कांहीं उरत नाहीं. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’नें जुनी गति, जुन्या कळा आणि हायपरस्पेस परत आणलें, तेव्हां मूळ घराण्याचा चेहरा क्षणभर दिसला, तारा मात्र परतला नाहीं.

आमच्या गांवीं जें पोंचलें, तें या दुसऱ्या फांट्याचें पाणी. सन १९८४–८५ च्या सुमारास डोंबिवलींत स्टेशनाजवळच्या एका अरुंद गाळ्यांत व्हिडिओ गेमचीं तीन यंत्रें आलीं. आम्ही तेव्हां तेरा–चौदा वर्षांचे. आंत काळोख, विड्यांचा वास, आणि पडद्याच्या निळ्या उजेडांत मोठ्या मुलांच्या पाठी. एका डावास एक रुपया. तो रुपया आमचा आम्हांस मिळण्यासारखा नव्हता. आमचे वडील सकाळच्या गाडीनें कचेरीस जात व सायंकाळीं थकून येत. वाचनालयाची वर्गणी मात्र ते दरमहा न विसरतां आमच्या हातावर ठेवीत. सलग तीन महिने ती वर्गणी त्या यंत्राच्या पोटांत गेली, आणि वडिलांस आम्ही जुनीं पुस्तकें पुन्हां पुन्हां दाखवीत राहिलों. पुढें हें उघडकीस आलें. ते रागावले नाहींत. पुढच्या महिन्यापासून वर्गणी भरावयास स्वतः जाऊं लागले. आज कबूल करावयास हरकत नाहीं कीं, चिरंजीवांच्या नव्या धंद्याविषयीं आमच्या मनांत जो तिटकारा होता, त्याची मुळें आमच्या तत्त्वविचारापेक्षां त्या गाळ्यांत अधिक खोल गेलेलीं आहेत. त्या यंत्रानें आम्हांस काय दिलें, असें कोणीं विचारलें तर आंकड्यांपलीकडे आम्हांस कांहीं सांगतां येणार नाहीं. पुढील दहा वर्षांत हींच यंत्रें घरोघरच्या टीव्हीस जोडलीं जाऊं लागलीं. ‘कॅसेट’ म्हणून जी प्लास्टिकची चकती मिळे, तिच्यावर हजारों खेळांचा आंकडा छापलेला असे, आणि प्रत्यक्षांत तेच पांच–पंचवीस खेळ नांवें बदलून फिरून येत. त्यांत अवकाशयुद्ध हमखास असे. तारा कोठेंच नसे.

असें असतां ‘स्पेसवॉर’सारखें कांहीं आमच्याकडे होणें अशक्य होतें काय? बुद्धीच्या अंगानें तर नव्हतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या मार्गदर्शनाखालीं या देशांतच संगणक बांधण्यांत आला. तो १९६० सालीं रीतसर चालू झाला, आणि १९६२ सालीं, म्हणजे ‘स्पेसवॉर’च्याच वर्षीं, पंडित नेहरूंनीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव दिलें. त्यास चित्रपडदाहि होता, आणि त्यावर आलेख व अक्षरें उमटत. म्हणजे सामग्री मुंबईस होती. पण सबंध देशाच्या गणितांचा भार वाहणाऱ्या यंत्राची एकेक घटका मोलाची, आणि एम्. आय्. टी. च्या त्या पोरांस मात्र रात्रीच्या रात्री मोकळ्या मिळत. अशी कृति निरुपयोगी वेळांतूनच निपजते, आणि निरुपयोगी वेळ ही आमच्या मध्यम वर्गानें मुलांस कधीं न दिलेली वस्तु आहे. आम्हीं स्वतः तरी ती कोठें दिली? चिरंजीव दहावींत असतां त्यांच्या दिवसाच्या प्रत्येक तासास आम्हीं शिकवणीचें नांव लावून ठेविलें होतें.

गुरुत्वाकर्षणाची ओढ मराठी मनास ठाऊक झाली ती खेळाच्या वाटेनें नव्हे, गोष्टीच्या वाटेनें. जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत पहिली आली. नांवाच्या वजनानें परीक्षक दबूं नयेत म्हणून ती त्यांनीं नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें पाठविली होती. २०२५ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्या विज्ञानकथा वाचून मोठे झालेल्या दोन पिढ्या आमच्या आसपास होत्या. त्या वाचकांस हें ठाऊक होतें कीं, अवकाशांत मुख्य गोष्ट तोफ नव्हे, तर कशाच्या किती जवळ जावें याचें गणित. आमच्या पिढीच्या मुलांनीं एका हातांत तीं पुस्तकें धरलीं व दुसऱ्या हातांत खेळाचें तें दांडकें, आणि दोहोंचा कांहीं संबंध असावा अशी शंकाहि त्यांस आली नाहीं.

‘स्पेसवॉर’चा खरा वारसा कोणता, याविषयीं चिरंजीवांचें व आमचें एकमत झालें नाहीं. त्यांच्या मतें तो तंत्राचा आहे. कळा वाचाव्या, प्रत्येक वस्तूची गति व जागा नव्यानें काढावी, चित्र उमटवावें आणि लगेच पुन्हां तेंच करावें, हें चक्र ते आजहि रोज लिहितात. हें खरें आहे, पण छंदःशास्त्र हाच काव्याचा वारसा म्हणण्यासारखें आहे. आम्हांस वाटतें, वारसा त्या ताऱ्याचा व त्या कागदी फितीचा. आणि त्यांपैकीं दुसरा पुष्कळसा टिकला, कारण आज्ञावली खुल्या ठेवून एकमेकांच्या कामांत भर घालणाऱ्यांचा एक मोठा संप्रदाय आज जगभर आहे. पहिला दुर्मिळ झाला. यावर चिरंजीवांनीं मान्य केलें कीं, त्यांच्या मंडळींच्या नव्या खेळांत यान हरण्याच्या बेतास आलें कीं पडदा थांबतो आणि थोडे पैसे भरून पुढें जातां येईल, असें विचारतो. “हायपरस्पेसच आहे तें,” ते हंसून म्हणाले. आम्ही म्हणालों, “ग्रेट्झच्या हायपरस्पेसांत स्वतःचें यान फुटण्याची जोखीम होती. यांत कोणाची जोखीम आहे?” ते हंसावयाचे थांबले. हा पैशाचा दरवाजा काढून टाकावा असें म्हणणारे त्यांच्या कचेरींत ते एकटेच आहेत, आणि तो वाद सध्यां रोज चालूं आहे, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें. भांडणाच्या भरांत त्यांस तें सांगण्याची संधि आम्हींच दिली नव्हती.

पी. डी. पी.–१ जातीचें एक यंत्र कॅलिफोर्नियांतील संगणकांच्या इतिहाससंग्रहालयांत दुरुस्त करून ठेविलें आहे, आणि त्यावर हा खेळ अजून चालतो. आम्हांस तेथें जाणें घडेलसें दिसत नाहीं. पण त्याची हुबेहूब नक्कल आतां कोणत्याहि घरच्या संगणकावर फुकट मिळते, तीच चिरंजीवांनीं लावली होती. आम्ही तीन डाव खेळलों. पहिल्यांत ताऱ्यानें आम्हांस गिळलें, दुसऱ्यांत चिरंजीवांनीं मारलें, तिसऱ्यांत हायपरस्पेसमधून परततांना आमचें यान आपण होऊन फुटलें. सौभाग्यवतींनीं पानें वाढल्याची हांक दिली, तेव्हां चौथा डाव चालूं होता आणि प्रथमच आमचें यान ताऱ्याभोंवतीं न पडतां फिरत होतें. आम्हीं हाकेस ओ दिली नाहीं.